काटा राहिला तरी

तुमच्या घरात सध्या काय चाललं आहे, मला ठाऊक नाही. कदाचित वडील अंथरुणाला खिळले असतील. कदाचित नोकरी गेली असेल आणि शेजारीपाजारी अजून कुणाला कळू दिलं नसेल. कदाचित सोयाबीन हातचं गेलं असेल आणि सोसायटीचं कर्ज तसंच उभं असेल.

अशा वेळी रविवारच्या उपासनेनंतर कुणीतरी जवळ येतं आणि म्हणतं, "देवावर भरवसा ठेवा." म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, ते त्यातून कळत नाही. तेवढंच सांगायला मी हे लिहिते आहे.

देवाची कृपा आली की संकट जाईलच, असं नाही. संकट घरात असतानाही आजचा दिवस निभेल एवढं बळ मात्र ती देते. आणि ते बळ बरेचदा कुणा माणसाच्या हातूनच घरी येतं. ते ओळखा आणि घ्या. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

काटा निघाला नाही, म्हणून विश्वास खोटा ठरत नाही

पौलाचंच बघा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 12 व्या अध्यायात तो आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल लिहितो. ते दुखणं कोणतं, हे त्याने सांगितलेलं नाही. कुणी म्हणतं डोळ्यांचं, कुणी म्हणतं आणखी कसलं. तो काटा काढून टाक, अशी विनवणी त्याने प्रभूला तीनदा केली. काटा निघाला नाही. कृपा तुला पुरेल आणि माझं सामर्थ्य तुझ्या दुबळेपणातच दिसेल, असं आश्वासन तेवढं मिळालं.

हा कोण होता? ज्याच्या हातून दुसरे बरे झाले, तो. मंडळ्या स्थापन करणारा. त्याच्या प्रार्थनेत कसर होती, असं कुणी म्हणेल का?

त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा पौलाला त्याला मिलेत गावी मागे ठेवून पुढे जावं लागलं. तेही त्याने पत्रात सरळ लिहून टाकलं. लपवलं नाही.

म्हणून तुमच्या आईचं दुखणं प्रार्थनेनंतरही तसंच असेल, तर स्वतःला दोष देऊ नका. घरातल्या कुणावरही बोट ठेवू नका. "तुझाच विश्वास कमी पडला" हे वाक्य आजाऱ्याच्या कानावर पडू देऊ नका. आधीच दुखणं, त्यावर हे ओझं कशाला?

जे आहे ते देवापुढे बोला

प्रार्थनेला मोठे शब्द लागत नाहीत. पाळकसाहेबांसारखी लांब प्रार्थना जमत नाही, म्हणून गप्प बसू नका.

मुलं झोपली की स्वयंपाकघरात बसा. ओट्यावरची भांडी राहू द्या तशीच. जे आहे ते बोला. "दोन हप्ते थकलेत. बँकेचा फोन आला की पोटात गोळा येतो. ह्यांच्याशी नीट बोलवत नाही. मला भीती वाटते आहे." ही प्रार्थनाच आहे.

रडू आलं तर रडा. राग आला असेल तर तोही सांगा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यांत कितीतरी नुसती तक्रारीची आहेत. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी धीराचा एक शब्द नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. देवाला तुमचं रडगाणं चालतं.

खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला टळू दे म्हणून विनवलं. एकदा नाही, तीनदा. आणि जागं राहायला तीन मित्र सोबत नेले. ते झोपी गेले, ती गोष्ट वेगळी. पण त्याने सोबत मागितली, हे लक्षात ठेवा.

आधी जेवा, मग झोपा

एलीया संदेष्टा जीव वाचवायला रानात पळाला. एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला का? नाही. झोपू दिलं. मग दूताने हलवून उठवलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं सगळं त्याच्यानंतर.

संकटाच्या घरात पहिलं काय बिघडतं, तर जेवण आणि झोप. आजाऱ्याला सगळं वेळेवर आणि सांभाळणारी बाई मात्र चहा-बिस्किटावर. असं होऊ देऊ नका.

दवाखान्यात रात्री बसायच्या पाळ्या लावा. एकाच सुनेवर किंवा एकाच मुलीवर सगळं टाकू नका. मोठे निर्णय रात्री अकरानंतर घेऊ नका. जमीन विकायची, लग्न मोडायचं, गाव सोडायचं, असल्या गोष्टी जेवून, झोपून, सकाळच्या उजेडात बोला.

उपवास-प्रार्थना करायची असेल तर करा. पण मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर उपवास सोडा आणि प्रार्थना ठेवा. देव तेवढं समजून घेतो.

आजच्यापुरतं मागा

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळत असे, तो रोजचा रोज. ज्यांनी हावेने दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, त्याला किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायची मोकळीक होती. कृपेचंही असंच आहे. पुढच्या वर्षीचं बळ आज मागून ते हातात येणार नाही. आजचं मिळेल.

म्हणून सकाळी एक कागद घ्या. आज करायच्या तीनच गोष्टी लिहा. रक्ताचा रिपोर्ट आणायचा. शाळेत फीसाठी मुदत मागायची. भावाला फोन करायचा. झाली की त्यावर काट मारा. राहिली तर उद्याच्या कागदावर लिहा. एवढंच.

कर्ज असेल तर दुसरा कागद घ्या. कुणाचे किती, व्याज किती, कधी द्यायचे, सगळं मांडा. नवरा-बायको दोघांनी मिळून मांडा. आकडा न पाहता जी भीती वाटते, ती आकडा पाहिल्यावर वाटते त्याहून मोठी असते.

मग तो कागद घेऊन बँकेत किंवा पतसंस्थेत जा. हप्ता चुकण्याआधी जा. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळेल का, हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढू नका. बिगरपरवाना सावकाराच्या दारात तर जाऊच नका. 2014 च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. अशा सावकाराने जमीन लाटली असेल, तर ती परत मिळवायची वाटही त्याच कायद्यात आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

औषध थांबवू नका

इथे मला जरा कडक बोलायचं आहे.

प्रार्थनासभेत बरं वाटलं, म्हणून घरी येऊन गोळ्या बंद केल्या, असं आपल्या मंडळ्यांत घडतं. रक्तदाबाची गोळी बंद. फिटची गोळी बंद. इन्सुलिन बंद. आणि मग मध्यरात्री धावपळ.

तसं करू नका. पौलाच्या सोबत लूक होता आणि लूक वैद्य होता. पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलं आहे. तीमथ्याचं पोट वरचेवर दुखायचं, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्या काळी पोटदुखीवर घरात असायचं, ते. कृपेवर इतकं लिहिणारा माणूस औषध सांगतो, मग आपण औषधाला अविश्वास का म्हणावं?

बरं वाटत असेल तर देवाचे आभार माना आणि डॉक्टरांकडे जा. तपासणी करू द्या. गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टर ठरवतील. क्षयाचे उपचार साधारणपणे 6 महिने चालतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून गोळ्या सोडल्या, तर तोच रोग पुढे औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

मनाच्या दुखण्यालाही हेच लागू. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन नाही, जगावंसं वाटत नाही, हा पापाचा पुरावा नव्हे. ते दुखणं आहे आणि त्याला उपचार आहेत. 14416 हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. प्रार्थना करा, पण जवळ बसून करा. आणि फोनही लावा.

खर्चाची काळजी असेल तर दवाखान्यात विचारा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बोला. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार आणि ते रुग्णालय बसतं का, हेही भरती होतानाच विचारा. बिल झाल्यावर विचारलंत, तर हातात फार काही राहत नाही.

हात पुढे करायला लाजू नका

आपल्या लोकांना द्यायला आवडतं, घ्यायला जड जातं. "लोक काय म्हणतील" म्हणून कितीतरी घरं दार लावून सोसत बसतात.

पौल तुरुंगात होता. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. पौलाने ती घेतली आणि पत्र लिहून आभार मानले. तो एपफ्रदीत स्वतःच त्या कामापायी मरणाच्या दारात जाऊन आला होता.

पुढे एका पत्रात पौल तीमथ्याला लिहितो, त्रोवसात माझा झगा राहिला आहे तो घेऊन ये, पुस्तकंही आण आणि हिवाळ्याआधी ये. किती साधी गोष्ट! देवाच्या कृपेवर विसंबलेला म्हातारा थंडीचं पांघरूण मागतो आहे. त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. तुम्हालाही वाटू देऊ नका.

मागताना नेमकं मागा. "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच म्हणून थांबू नका. "बुधवारी ह्यांना डायलिसिसला न्यायचं आहे, गाडी मिळेल का?" असं विचारा. "मुलीला संध्याकाळी दोन तास तुमच्याकडे अभ्यासाला बसवू का?" असं विचारा. माणसांना मदत करायची असते. काय करायचं, ते त्यांना कळत नसतं.

पाळकांना किंवा फादरना खरी परिस्थिती सांगा. बऱ्याच मंडळ्यांत गरिबांसाठी थोडाफार निधी असतो. महिला मंडळ डबे पोचवू शकतं. पण घरात चूल पेटली नाही, हे कुणाला स्वप्नात दिसत नाही. सांगावं लागतं.

कृपा विकत घेऊ नका

नामान सेनापती कुष्ठरोगातून बरा झाला. त्याने अलीशाला भेटी देऊ केल्या. अलीशाने एक पैसा घेतला नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र गुपचूप मागे धावला आणि खोटं सांगून चांदी आणि कपडे घेऊन आला. नामानाचं कुष्ठ त्याच्याच अंगावर आलं.

ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कारण दुखणं आलं की गेहजीही दारात येतात. मंतरलेलं तेल देणारे, अमुक रक्कम "पेरली" की दुप्पट आशीर्वाद मिळेल म्हणणारे, फोनवर खाते क्रमांक पाठवणारे. हे आपल्यातच असतात असं नाही, सगळ्या धर्मांत असतात.

ओळखायच्या तीन खुणा सांगते. प्रार्थनेआधी पैसे मागतो. औषध बंद करा म्हणतो. घरच्यांना सांगू नका म्हणतो. यातली एक जरी दिसली, तरी नमस्कार करून दार लावा.

साप, विंचू किंवा कुत्रा चावला, तर कुणाच्याही मंत्राची वा प्रार्थनेची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. प्रार्थना गाडीत करता येते. असा दंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मंडळीला अर्पण द्यायचं असेल, तर आनंदाने द्या. मुलांच्या दुधाचे पैसे त्यासाठी काढू नका.

भेटायला जाणाऱ्यांनी

तुमचं घर सध्या सुखात असेल, तर हा भाग तुमच्यासाठी.

ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडलं आणि बिघडलं. तू काहीतरी पाप केलं असशील, म्हणू लागले. शेवटी देवाने त्यांनाच चुकीचं ठरवलं.

तेव्हा खाटेपाशी उभं राहून कारणं शोधू नका. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही, असं प्रभूने सांगितलं.

पंधरा मिनिटं बसा. आजारी माणूस बोलेल ते ऐका. दुसऱ्या कुणाचं असंच दुखणं कसं वाईट झालं, ते सांगू नका. घरच्या बाईला तुमच्यासाठी पोहे करायला लावू नका. छोटी प्रार्थना करा. आणि निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. "मंगळवारचा डबा माझा" असं सांगा. आणि मंगळवारी डबा घेऊन जा.

महिन्याने पुन्हा जा. पहिल्या आठवड्यात दारात चपला मावत नाहीत. महिन्याने कुणी फिरकत नाही आणि खरी गरज तेव्हाच असते.

मिळालेलं पुढे जातं

पंडिता रमाबाईंचं नाव तुमच्या घरात नक्की घेतलं जात असेल. त्यांनी काय सोसलं, ते एकदा मुलांना सांगा. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती गेले, तेव्हा लेक वर्षाचीही नव्हती. पुढे कानांना ऐकू येईनासं झालं. 1921 मध्ये तीच लेक, मनोरमा, त्यांच्याआधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या.

त्यांचेही काटे निघाले नाहीत. पण 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली. दौंडजवळच्या केडगावात शेकडो जणींना आसरा मिळाला. तिथे त्यांना शिक्षण मिळालं, हाताला काम मिळालं. भूक काय असते, हे रमाबाईंना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तुम्हाला केडगाव उभारायचं नाही. पण ज्या दुखण्यातून तुम्ही निघालात, त्याच दुखण्यात आज तुमच्याच गल्लीत कुणीतरी असेल. केमोथेरपीनंतर तोंडाची चव जाते, तेव्हा काय खाववतं, ते तुम्हाला माहीत आहे. धर्मादाय खाटेचा अर्ज कुठे द्यायचा, ते माहीत आहे. जाऊन सांगा.

आणि तुम्ही अजून त्यातून निघाला नसाल, तर आज रात्री एवढं करा. पोटभर जेवा. देवाला खरं काय ते सांगा. उद्याच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. त्यांतली एक गोष्ट एकट्याने होणारी नसेल. तिच्यापुढे एका माणसाचं नाव लिहा आणि सकाळी त्याला फोन करा.